शरीराची नजर

प्रकाशाचा गोळा डावीकडून वेगाने चेहऱ्याकडे आला आणि मधुकर गेडामने मान चटकन उजवीकडे झुकवली.

"काही दिसलं?" डॉ. अरुंधती मोहरीरने विचारले.

"नाही जी. काहीच नाही."

पडद्यावर अक्षरे उमटली: 'रुग्णास दिसते. कथन अविश्वसनीय.'

अरुंधतीने पडदा भिंतीकडे वळवला, आणि मग तिचे तिलाच वाईट वाटले. मधुकरपासून काय लपवायचे होते? लपवायचे होते ते शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या बायकोपासून, आणि शेवंताने तर ते केव्हाच वाचले होते.

नागपूरच्या या दृष्टिरोपण केंद्रात तपासणीच्या प्रत्येक खोलीत देहबोलीमापक बसवलेला होता. अंधाऱ्या खोलीत आधारावर हनुवटी टेकवली की माणसे बिचकतात. डॉक्टर नाराज होऊ नयेत म्हणून दिसत नसलेले अक्षर दिसते म्हणतात, नाहीतर भीतीने दिसणारेही नाकारतात. म्हणून भिंतीतले कॅमेरे खांदे, बोटे, मान, श्वास टिपत आणि शरीर काय सांगते आहे ते यंत्र कळवी. मेंदूत बसवायची दृष्टिरोपणे मोजकी होती. ती कुणाला द्यायची हे ठरवणाऱ्या समितीचा आता फक्त या यंत्रावर विश्वास उरला होता.

मधुकर चंद्रपूरच्या वीजकेंद्रात क्रेन चालवत असे. उंचावरून पडला आणि डोक्याच्या मागच्या भागाला मार बसला. डोळे शाबूत राहिले, पण मेंदूतले दृष्टिकेंद्र चिरडले. तेव्हापासून त्याच्यापुढे नुसता अंधार होता. यंत्राने मात्र प्रत्येक तपासणीत त्याला खोटे पाडले होते.

"मॅडम, वसाहतीतले लोक म्हणतात, हा सोंग करतो," शेवंता म्हणाली. "पोरीचं लग्न झालं. यायनं तिचं तोंड हातानं चाचपून पाह्यलं. असं सोंग कोणी करते का?"

मधुकर खाली मान घालून बसला होता. "मी खोटं बोलत असन का, डॉक्टर?" त्याने हळूच विचारले. "मलेच माहीत नसन?"

त्या प्रश्नाने अरुंधती हादरली. तिने इंद्रजित वासनिकला बोलावून घेतले. देहबोलीमापक त्यानेच घडवला होता.

"यंत्र चुकतंय," ती म्हणाली.

"यंत्र चुकत नाही," इंद्रजित म्हणाला. "पण हा माणूसही खोटा वाटत नाही. यांना एकट्याने चालवून बघू या."

त्यांनी बाहेरच्या लांब मार्गिकेत खुर्च्या, स्टुले, एक औषधांची गाडी अशा वस्तू वेड्यावाकड्या मांडल्या. समोर वाट मोकळी आहे असे मधुकरला सांगितले. शेवंताने जड मनाने त्याचा हात सोडला. मधुकर चालू लागला. खुर्चीपाशी आला तसा तो किंचित तिरपा झाला. स्टुलाला वळसा घातला. गाडीजवळ त्याने कोपर अंगाशी आवळून घेतले. कशालाही न धडकता तो टोकाला पोहोचला.

"वाट मोकळीच होती ना जी?" त्याने विचारले.

शेवंताने पदर तोंडाशी धरला होता.

"डोळ्यांपासून मेंदूत दोन वाटा जातात," नंतर अरुंधतीने त्या दोघांना समजावले. "मोठी वाट दृष्टिकेंद्राकडे जाते. 'मला दिसतं' ही जाणीव तिथे होते. दुसरी वाट बारीक आणि फार जुनी आहे. ती मेंदूच्या तळाशी जाते आणि तिथून शरीर परस्पर हलतं. गेडामभाऊ, तुमची मोठी वाट बंद झालीय. बारीक वाट चालू आहे. तुमच्या शरीराला दिसतं, तुम्हाला दिसत नाही."

इंद्रजितने त्याच दिवशी यंत्राला शरीर आणि कथन यांचा निर्णय वेगवेगळा द्यायला शिकवले.

"मग रोपण करा ना," मधुकर म्हणाला.

इंद्रजितने अरुंधतीकडे पाहिले. "रोपणाला जिवंत संदेश लागतो. तुमची मोठी वाट मुळापर्यंत सुकली आहे. त्या बारीक वाटेतलाच संदेश तोडून दृष्टिकेंद्राकडे वळवावा लागेल. केंद्राचा थोडा भाग जिवंत दिसतो. त्याला तो संदेश उमगला, तर दिसेल."

"आणि नाही उमगला तर?" शेवंताने विचारले.

"तर आज शरीराला दिसतंय तेही जाईल," अरुंधती म्हणाली. "गेडामभाऊ, तुम्ही शरीरावर भरवसा ठेवून चालायला शिकू शकता. आम्ही शिकवू."

"शरीराले दिसून मी काय करू?" मधुकरचा आवाज फुटला. "तुमी म्हणता माझ्या आत कोणी दुसराच पाहून राह्यला. मले पोरीचं तोंड पाहाचं हाय. मले."

शेवंता पुष्कळ रडली, पण त्याला अडवू शकली नाही. अरुंधती समितीपुढे उभी राहिली आणि जीव तोडून भांडली. मंजुरी मिळाली.

शस्त्रक्रियेनंतर पट्टी निघाली. मधुकरचा चेहरा उजळला.

"दिसते जी! सगळं दिसते. ही खिडकी. हे तुमी. शेवंता, हिरवं लुगडं नेसली तू."

शेवंताच्या अंगावर पिवळी साडी होती. तिने अरुंधतीकडे पाहिले.

खिडकी त्याने दाखवली तिथे नव्हती. अरुंधतीने प्रकाशाचा गोळा सोडला. तो थेट चेहऱ्यावर आला, तरी मधुकरची पापणीसुद्धा लवली नाही. खांदे सैल, श्वास संथ.

पडद्यावर उमटले: 'शरीर: दिसत नाही. कथन: प्रामाणिक.'

काय झाले ते अरुंधतीच्या लक्षात आले. दृष्टिकेंद्राच्या उरलेल्या तुकड्याला संदेश पोहोचत होता, पण उमगत नव्हता. आपल्याला काहीतरी दिसते आहे एवढेच त्याला कळत होते, आणि काय दिसते ते मेंदू स्वतःच रचत होता. मधुकरला त्या चित्राबद्दल कधी शंका येणार नव्हती, कारण शंका घेणारा मेंदूही तोच होता.

"गेडामभाऊ," तिने सुरुवात केली, "तुम्हाला जे दिसतंय ते..."

"पोरीले बोलवा," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. "बाहेर बसली असन. आता ते मशीन माझ्यावर विश्वास ठेवते ना, डॉक्टर?"

अरुंधतीने पडद्याकडे पाहिले. "ठेवते," ती म्हणाली.

मधुकर उठला. शेवंताने धरलेला हात त्याने हसून सोडवला. "आता कायले धरते?" म्हणत तो ताठ मानेने, झपाझप भिंतीकडे निघाला. शेवंता धावत त्याच्या पुढे गेली आणि त्याच्याकडे तोंड करून, दोन्ही हात पसरून, मागे मागे चालू लागली. भिंतीआधी तो तिच्यावर आदळला.

"मधात काऊन उभी राह्यली?" तो म्हणाला. "सरक. पोरगी समोरच तर उभी हाय."