शेजारचा ब्रेक

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक असतो. तो शिकणाऱ्याच्या ब्रेकला खालून सळईने जोडलेला असतो. एक दबला की दुसरा आपोआप दबतो. त्यामुळे गाडी थांबली की ती कोणी थांबवली, हे नुसतं पाहून सांगता येत नाही. मास्तरांच्या आयुष्यातली निम्मी भांडणं या सळईवरून झाली होती.

भांडणारं गिऱ्हाईक मास्तरांना नवं नव्हतं. क्लचला पाय न लावता गिअर टाकून वर गाडीलाच शिव्या घालणारे त्यांनी पाहिले होते. डोळे मिटून वळण घेणारा एक दुकानदारही त्यांनी पास करून दाखवला होता. तोंडात बडीशेप धरायची, आवाज चढवायचा नाही आणि पाय ब्रेकवर तयार ठेवायचा, एवढीच त्यांची युक्ती. ब्रेक दाबून दाबून त्यांच्या उजव्या बुटाचा तळवा अंगठ्याखाली पार गुळगुळीत झाला होता. चांभार दर वेळी विचारायचा, "मास्तर, एकाच पायावर उड्या मारता की काय?"

पण हरकतबाईंपुढे ही युक्ती चालेना. बाई जन्मभर कोर्टात टायपिस्ट होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांना गाडी शिकायची हुक्की आली. सीट पुढे घेतली तर हरकत, मागे घेतली तर हरकत. बडीशेपेच्या वासालाही हरकत. मास्तरांनीच त्यांचं हे नाव पाडलं होतं, अर्थात मनातल्या मनात.

पाण्याच्या टाकीजवळ एक वळण होतं. डाव्या हाताला उंच भिंत, भिंत संपते तिथे बंद कारखान्याचं फाटक. पलीकडून काय येतंय ते वळल्याशिवाय दिसत नसे. आजवर तिथे साधं मांजरही आडवं गेलं नव्हतं. तरीही मास्तरांना ते वळण आवडत नसे. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. गाडी भिंतीपाशी आली की त्यांच्या पोटात बारीकसा खड्डा पडायचा.

बाईंच्या पहिल्याच फेरीत गाडी तिथे गचकन थांबली.

"एकदम ब्रेक मारायचा नाही, बाई," मास्तर म्हणाले.

"मी नाही मारला. तुम्ही मारलात."

"माझा पाय नुसता ठेवलेला होता."

"माझा तर ठेवलेलाही नव्हता. हरकत आहे माझी."

दुसऱ्या दिवशी तेच. मग रोजच तेच होऊ लागलं. रस्ता मोकळा, भिंतीवर सकाळचं ऊन, मागून सायकलवाल्यांची घंटी, आणि मधोमध बंद पडलेल्या गाडीत एकमेकांकडे रोखून बघणारी दोन वयस्क माणसं. बाईंचे पाय दुखत असतील, वय झालं, अशी मास्तरांनी स्वतःची समजूत घातली. बाई मात्र ऐकून घेणाऱ्यांपैकी नव्हत्या. एका सकाळी त्यांनी निघण्यापूर्वीच अट घातली.

"आज बूट काढून मागच्या सीटखाली ठेवा आणि सीटवर मांडी घालून बसा. मग बघू."

ब्रेकवर पाय न ठेवता शिकवणं म्हणजे धंद्याला काळिमा. पण गाडी आता बाईंच्या हातात चांगली बसली होती, आणि मास्तरही या रोजच्या कटकटीला विटले होते. एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे, म्हणून त्यांनी मांडी घातली.

टाकी आली. भिंत सुरू झाली. बाईंनी आपला उजवा पाय उचलून सरळ बाजूला घेतला. गाडी आपल्या वेगाने हळूहळू पुढे सरकत होती. मास्तरांच्या पोटात नेहमीचा खड्डा पडला.

त्यांच्या मांडीखाली, रिकाम्या जागेत, ब्रेक दबला.

घाई नाही, धक्का नाही. जाणत्या पायाने दाबावा तसा तो खोलवर गेला आणि तिथेच राहिला. इंजिन आचका देऊन बंद पडलं. दोघंही वाकून बघत होती. जरा वेळाने कोणी पाय उचलावा तसा ब्रेक सावकाश वर आला.

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला.

"तरीही तुम्हीच दाबलात," त्या म्हणाल्या. आवाजात भांडण नव्हतं. "दबायच्या आधी मी ब्रेककडे नाही, तुमच्या तोंडाकडे बघत होते. आधी तुम्ही घाबरता, मास्तर. मग तो दबतो."

बाई पहिल्या फटक्यात पास झाल्या आणि पुन्हा दिसल्या नाहीत. मास्तरांनी गॅरेजवाल्याकडून सळई बदलून घेतली. त्यानंतरच्या गिऱ्हाइकांना त्यांनी टाकीचा रस्ता दाखवलाच नाही. आपण घाबरतो हे कोणाला कबूल करायचं नव्हतं, आणि कोणी विचारतही नव्हतं.

पण टाकीचा रस्ता न चुकणारी एक घरातच होती. मास्तरांची लेक. तिला दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरी लागली होती, आणि दवाखाना टाकीच्या पलीकडे. मास्तर सगळ्या गावाला शिकवत. लेकीला मात्र त्यांनी दुसऱ्याच्या स्कूलमध्ये घातलं होतं. जगाच्या पोरींचे हात स्टेअरिंगवर चालतात, आपल्या पोरीचे बघवत नाहीत. तिने हप्त्यावर जुनी गाडी घेतली. साधी गाडी, एकच ब्रेक असलेली.

"पहिल्या दिवशी मी येतो सोबत," मास्तर म्हणाले.

"नको, बाबा. तुम्ही शेजारी बसलात की गाडी कोण चालवतंय तेच कळत नाही."

"मग टाकीवरून जाऊ नकोस. बाजारातून जा."

"बाजारातून गेले तर दुपारी पोचेन!"

कामावर पांढरे कॅनव्हासचे बूट लागत. तिने ते निघायच्या घाईत पॉलिश करून ओलेच पायात चढवले. "सुकू तरी दे गं," आई म्हणाली, तोवर ती जिना उतरली होती. मास्तरांनी खिडकीतून गाडी वळेपर्यंत पाहिलं. त्या दिवशी त्यांनी स्कूलला सुट्टी दिली होती. त्यांचे बूट दाराशी स्टँडवर होते, नाड्या बांधलेले.

ते खुर्चीत पेपर घेऊन बसले. अक्षरं दिसत होती, कळत नव्हती. आता सिग्नल आला असेल. आता टाकी. आता भिंत.

पोटात खड्डा पडला.

"अहो," बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "पाय कसला दाबताय फरशीवर? घर थांबवताय का?"

मास्तरांनी खाली पाहिलं. उजवा पाय ताठ झाला होता. अनवाणी चवडा फरशीवर पांढराफटक पडला होता. तो उचलायला त्यांना जोर लावावा लागला.

संध्याकाळी लेक धडधाकट परत आली. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. ती पाण्याचा ग्लास हातात धरून बसली.

"बाबा, टाकीच्या वळणावर गाडी थांबली."

"कोण आडवं आलं?"

"कोणी नाही. रस्ता रिकामा होता. मी थांबवली नाही." तिने ग्लास खाली ठेवला. "माझ्या पायावर कोणीतरी पाय दिला. दाबून धरला. मागून टेम्पो येत होता, बाबा. कसाबसा थांबला. अगदी टेकला असता."

तिने उजवा बूट काढून त्यांच्यापुढे धरला. बोटांवरचं पॉलिश उडालं होतं. तिथे डावीकडून तिरका उमटलेला धुळकट ठसा होता, चौकटी चौकटींचा. मध्ये अंगठ्याएवढी जागा तेवढी गुळगुळीत.

"दमली असशील," मास्तर म्हणाले. "हातपाय धू. उद्या बाजारातून जा."

"उद्या लवकर बोलावलंय. टाकीवरूनच जावं लागेल." ती आत गेली.

मास्तर उठून दाराशी गेले. बूट सकाळी होते तिथेच होते. नाड्या बांधलेल्या. त्यांनी उजवा बूट उचलून उलटा केला.

चौकटींच्या फटींत पांढरं पॉलिश भरलं होतं.

उद्या त्या वेळेला काही झालं तरी घाबरायचं नाही. मनातसुद्धा नाही. मास्तरांनी स्वतःला बजावलं. मग त्यांच्या डोळ्यांपुढे ती भिंत आली, फाटक आलं, आणि मागून येणारा टेम्पो.

त्यांच्या हातातल्या रिकाम्या बुटाचा चवडा हळूच खाली वाकला, आणि तसाच दाबलेला राहिला.