डाव्या अंगठ्याचा अल्बम

पेशंट होते मामा. कंबर धरलेली, चेहरा वैतागलेला. त्यांना सावकाश आत घेऊन आला तो त्यांचा भाचा. तिशीतला, विस्कटलेल्या केसांचा, आल्याआल्या भिंतीवरचा मणक्यांचा तक्ता निरखत उभा राहिलेला.

"कशाने धरली कंबर?" तिने विचारलं. फिजिओथेरपीचं हे छोटंसं क्लिनिक तिचं एकटीचं होतं.

"माझ्यापेक्षा उंच वाद्य वाजवतो," मामा म्हणाले. "डबल बास. वाजवताना काही होत नाही, जिना चढवताना होतं."

ती हसली. पण तिचं लक्ष एव्हाना भाच्याकडे गेलं होतं. मामांसाठी पाण्याची बाटली उघडताना त्याने ती गुडघ्यांत धरली आणि झाकण उजव्या हाताने फिरवलं. डावा हात नुसता शेजारी, जपून ठेवल्यासारखा.

"तुमचा अंगठा कधीपासून दुखतोय?"

त्याने मामांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "पेशंट हे आहेत."

"ते होतील बरे. मी तुम्हाला विचारतेय. अंगठा मुठीत घ्या... आता मनगट करंगळीच्या बाजूला वाकवा."

त्याने वाकवलं आणि त्याचा श्वासच अडकला.

"मला कधी सांगणार होतास?" मामांनी विचारलं.

"अल्बम झाल्यावर," तो पुटपुटला.

मग सगळी हकीकत बाहेर आली. तो गिटार वाजवायचा, मामा बास, आणि त्याची थोरली बहीण, म्हणजे ताई, ड्रम्स. तिघं मिळून सात वर्षं जॅझ वाजवत होते आणि आता कुठे पहिला अल्बम जमून येत होता. वीस दिवसांनी स्टुडिओ मिळाला होता, तोही चारच दिवस. त्यानंतर ताई नोकरीसाठी दूर जाणार होती, त्यामुळे पुढे ढकलायची सोय नव्हती.

"अंगठ्याच्या शिरेला सूज आहे. तीन आठवडे गिटारला हात लावायचा नाही," ती म्हणाली.

"मग हात कापूनच टाका."

"तशी सोय इथे नाही."

तो पहिल्यांदाच हसला. हसला की डोळे बारीक व्हायचे त्याचे... तिने उगाचच फाईल उघडली.

शेवटी तडजोड झाली. एरवी हाताला पट्टा, आणि एक दिवसाआड दुपारी तिच्यासमोर दहा मिनिटं वाजवायचं. तिला बघायचं होतं, नेमकं चुकतंय कुठे. ते पहिल्याच दिवशी कळलं.

"एवढी घट्ट का धरता? पळून जाणार आहे का ती?"

"सवय आहे. ढिलं सोडलं तर सूर निसटेल असं वाटतं."

"सोडून तर बघा."

त्याने अंगठा सैल केला. सूर आला – हलका, थोडा थरथरता.

"निसटला?" तिने विचारलं.

"नाही," तो म्हणाला, गिटारकडे न बघता. ती घड्याळाकडे वळली. दहा मिनिटं व्हायला अजून सहा बाकी होती.

"तुम्ही गाणी ऐकता?" त्याने एकदा विचारलं.

"ऐकते. शब्द असलेली."

"म्हणजे आमची पंचाईतच."

पण त्याच आठवड्यात ती गुणगुणत भांडी विसळत असताना आईने तिला हटकलं. "कुठलं गं हे गाणं?"

"गाणं नाही, आई. ह्याला शब्दच नसतात."

"तरी दोन दिवस तेच चाललंय तुझं," आई म्हणाली आणि पुढे काही विचारलं नाही. आईचं न विचारणंच जास्त बोलायचं.

रेकॉर्डिंगच्या तिसऱ्या दिवशी मामांचा फोन आला. "हा माझं ऐकत नाही बघ. तू येऊन बस जरा." दुपारच्या वेळा बदलून घेऊन ती गेली.

काचेपलीकडे तिघं वाजवत होते. वेगाची रचना होती आणि अशी काही रंगली होती की रेकॉर्डिस्टचा चहा हातातच निवला. तिला जॅझमधलं ओ की ठो कळत नव्हतं. खांदे मात्र कळायचे. त्याचा डावा खांदा हळूहळू कानाकडे चढत होता. अंगठा पुन्हा घट्ट झाला होता, ओठ मिटलेले.

तिने बोलायचं बटण दाबलं. "थांबा."

तिघं थांबले. ताईने काठ्या खाली ठेवल्या. "आता कुठे जमलं होतं. पुढच्या महिन्यात मी इथे नसेन, माहीत आहे ना तुम्हाला?"

"माहीत आहे. पण असंच चालू राहिलं तर पुढच्या महिन्यात ह्यांचा हातही नसेल."

हे चुकलं तर सात वर्षांवर पाणी पडणार होतं, आणि तेही तिच्यामुळे. तेवढ्यात त्याने गिटारचा पट्टा खांद्यावरून उतरवला.

"ती म्हणते तर थांबू या, ताई."

ती म्हणते. आजवर तो 'डॉक्टर म्हणतात' असं म्हणायचा. काचेअलीकडे ती कानापर्यंत लाल झाली.

शेवटच्या दिवशी सकाळी, ती काचेमागे बसलेली असताना, त्याने तीच रचना निम्म्या वेगाने घेतली. एकेकच सूर, मधे भरपूर मोकळी जागा. त्या जागेत मामांचा बास सावकाश चालत आला, आणि ताईने काठ्या ठेवून तारांचे मऊ ब्रश उचलले.

"सात वर्षांत पहिल्यांदा ह्याने मला बोलू दिलं," मामा म्हणाले.

अल्बमवर तीच रचना पहिली आली. त्या दिवशी निघताना ताईने तिचा हात हातात घेतला. "कालचं मनावर घेऊ नका." आणि मग, हळूच, "मी गेल्यावर ह्याच्याकडे लक्ष ठेवा."

दीड महिन्याने, नेहमीच्या गुरुवारच्या वेळेला, तो छापून आलेला अल्बम घेऊन क्लिनिकमध्ये आला. बाहेर रिमझिम लागली होती, त्याच्या बाहीवर थेंब होते.

"अजून दुखतंय?"

"किंचित..."

तिने मनगटावर बोट दाबलं. "इथे?"

"हो. तिथेच."

"इथे कधीच काही नव्हतं."

"मग... किती दिवसांपासून माहीत आहे?"

"गेल्या गुरुवारपासून."

"तरी आजची वेळ दिलीत?"

तिने पेनचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. "बरे झालात असं लिहिलं असतं, तर तुम्ही आला नसता."

"आलो असतो," तो म्हणाला. "मामांची कंबर आहे की."

दोघंही हसले, आणि मग हसू थांबल्यावर कुठे बघावं ते कळेना. तिने फाईलमध्ये 'उपचार पूर्ण' असं लिहिलं, खाली सही केली आणि फाईल मिटली.

"आता तुम्ही माझे पेशंट नाही. मी सातला मोकळी होते... थांबाल?"

"थांबतो."

तो बाहेर जाऊन बाकावर बसला, गुडघेदुखीच्या दोन आजींच्या मधोमध. दार अर्धवट उघडं होतं.

"तुला काय होतंय रे?" एका आजीने विचारलेलं तिला ऐकू आलं.

"काही नाही, आजी. मी बरा झालोय."

"मग बसलायस कशाला?"

आत पुढच्या पेशंटचा गुडघा हातात धरून ती उत्तराची वाट बघत राहिली.

"डॉक्टरांसाठी," तो म्हणाला.