माथ्याच्या अलीकडे

दुपारचे तीन वाजून गेले होते. इगतपुरीच्या आपल्या घरात, वरच्या खोलीत, सुदाम आडोळे वीतभर लांबीच्या एका इंजिनाला शिव्या घालत बसले होते. इंजिनावर त्याचा काडीचाही परिणाम होत नव्हता, आणि घरात शिव्या ऐकायला दुसरं कोणी नव्हतंच. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगी नागपूरला. ती रविवारी फोन करायची आणि जेवलात का म्हणून विचारायची. आज मंगळवार होता.

खोलीभर कसारा घाट पसरला होता. प्लायवूडचे डोंगर, पुठ्ठ्याचे बोगदे, खाली पायथा आणि वर, खिडकीपाशी, माथ्यावरचं स्टेशन. गाडीला दोन इंजिनं होती, एक पुढून ओढणारं, एक मागून रेटणारं. घाटात या मागच्याला बँकर म्हणतात. खऱ्या घाटात आता बँकरवर ड्रायव्हर नसतो, पुढच्या इंजिनातला संगणकच त्याला चालवतो. पण या दोन छोट्या इंजिनांत होत्या सरावचिपा. आपण हातातल्या नियंत्रकाची खुंटी कशी फिरवतो, ब्रेक किती हलका दाबतो, हे ही चिप टिपत राहते. हजारभर फेऱ्या झाल्या की इंजिन आपलं आपण चालू लागतं, अगदी त्या माणसाच्या हातानं.

पुढचं इंजिन सहा वर्षं सुदामरावांनी चालवलं होतं आणि मागचं बेंजामिन साळवे यांनी. रेल्वेच्या नोकरीतही जोडी तीच. साळवेदादा चौदा वर्षांनी मोठे, तोंडाचे फटकळ, आणि बँकरनं गाडी अशी रेटायचे की डब्यातल्या चहाला हिसका बसू नये. मार्चमध्ये दादा गेले. त्यांचा हात तेवढा मागच्या इंजिनात राहिला. सुदामरावांना जगात बोलण्यासारखं एवढंच उरलं होतं.

आणि आता गाडी अडायला लागली होती. नऊ दिवस झाले, रोज तेच. छान चढायची, आणि माथा हातभर राहिला की थांबायची. मागचं इंजिन घुं घुं करत राहायचं, पण गाडी तसूभर पुढे सरकायची नाही.

सुदामरावांनी सगळं करून पाहिलं. स्पिरिटच्या बोळ्यानं चाकं पुसली, रूळ पुसले, तारा तपासल्या, दोन्ही इंजिनांचे क्रमांक पुन्हा वाचून घेतले. शेवटी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला आणि मोबाईल घाटाकडे तोंड करून उभा केला. पलीकडे ऋजुता नावाची मुलगी होती. गेल्या महिन्याभरात त्यांनी तिला पाच वेळा फोन केला होता, त्यातले तीन उगाचच. तिला ते कळत होतं, पण ती बोलून दाखवत नव्हती.

"मागचं कमी पडतंय," सुदामराव म्हणाले. "दम गेलाय त्याचा. कोरं करणं म्हणतात ना, ते करायचं का?"

"करता येईल. आठव्या कप्प्यात आठ हा आकडा टाकायचा आणि बटण दाबायचं. इंजिन कारखान्यातून आल्यासारखं होईल. पण काका, शिकलेलं सगळं जाईल हं."

"सगळं?"

"सगळं."

सुदामरावांनी नियंत्रकावर मागच्या इंजिनाचा क्रमांक लावला. आठवा कप्पा उघडला, त्यात आठ टाकला. अंगठा बटणावर ठेवला आणि तो काही केल्या खाली जाईना.

"थांबा, थांबा!" ऋजुता म्हणाली. "आधी दोन्ही चिपांतल्या नोंदी वाचू या. पाठवा मला."

नोंदी गेल्या. दोन मिनिटं पलीकडून नुसता कळफलकाचा आवाज आला.

"काका, मागच्याला काहीच झालेलं नाही. ते पूर्ण जोर लावतंय. ब्रेक पुढचं लावतंय."

"पुढचं? अगं, ते माझं आहे!"

"हो ना. या आठ महिन्यांत तुम्ही दोनशेबारा वेळा गाडी वर नेलीत, आणि शेवटचे नऊ दिवस सोडले तर प्रत्येक वेळी याच जागी हातानं ब्रेक लावलाय. मग गाडी मागे पायथ्याला आणलीय. नऊ दिवसांपूर्वी तुम्ही पुढचंही चिपवर सोडलंत. तुम्ही जे करायचात तेच ते करतंय."

नऊ दिवसांपूर्वी सुदामरावांनी जागा बदलली होती. ते पुढे बसायचं सोडून मागे, दादांच्या स्टुलावर बसू लागले होते. आता त्याच स्टुलावर ते खाली मान घालून बसले.

"का थांबवायचात, काका?"

"माथ्यावर पोचलं की बँकरचं काम संपतं," ते म्हणाले. "तिथं त्याला सोडतात. गाडी पुढे निघून जाते, आणि तो एकटा घाट उतरून परत जातो. अगं, दादांना सोडायला माझा जीव होत नव्हता, दुसरं काय!"

त्यांनी नियंत्रक बाजूला ठेवला.

"मग राहू दे असंच," सुदामराव म्हणाले. "नाही गेली वर तर नाही गेली."

"राहून चालणार नाही. मागचं ब्रेकविरुद्ध रेटतंय, रोज तापतंय. अजून आठवडाभर असंच चाललं तर मागची मोटर जळेल, आणि तिच्यासोबत चिपही."

म्हणजे आपणच दादांना जाळत होतो! आणि वर दम गेलाय म्हणत होतो. सुदामरावांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"माझ्या इंजिनातले हे आठ महिने तेवढे पुसता येतील?"

"नाही हो. सवय एकात एक मुरते. मळलेल्या कणकेतून पाणी वेगळं काढता येतं का?"

त्यांनी क्रमांक बदलला. पुढच्या इंजिनाचा आठवा कप्पा, त्यात आठ. या वेळी अंगठा लगेच खाली गेला. दिवा दोनदा लुकलुकला आणि सुदाम आडोळ्यांची सहा वर्षं कोरी झाली.

गाडी पायथ्याला आणून ते पुढे बसले. घाटाचा नियम साधा आहे. पुढच्यानं शिट्टी देऊन विचारायचं, मागच्यानं तयार आहे म्हणून शिट्टीनं उत्तर द्यायचं. त्यांनी शिट्टीचं बटण दाबलं. मागून आखूड-लांब उत्तर आलं. कोरं इंजिन नवशिक्यासारखं हिसके देत निघालं, पण मागच्यानं ते हिसके अलगद झेलले. जुनी जागा आली. सुदामरावांनी दात आवळून खुंटी तशीच धरली.

गाडी माथ्यावर पोचली. बँकरची कडी खट्कन सुटली. बँकर क्षणभर थांबला आणि एकेक बोगदा मागे टाकत एकटाच खाली निघाला. सुदामराव धाय मोकलून रडले. फोन चालू आहे याचीही त्यांना शुद्ध नव्हती. बँकर पायथ्याला जाऊन उभा राहिला.

त्यांनी डोळे पुसले. नियंत्रक बंद करायला हात पुढे केला, तेवढ्यात खालून शिट्टी वाजली. आखूड, लांब.

हे उत्तर होतं, पण त्यांनी तर काही विचारलंच नव्हतं. ड्रायव्हर म्हणून पहिल्या फेरीला ते पायथ्याच्या कसाऱ्याला घामाघूम होऊन उभे होते, शिट्टीकडे हातच जाईना. तेव्हा मागून दादांनी न विचारता अशीच शिट्टी दिली होती. नियम मोडला म्हणून साहेबांची बोलणी खाल्ली होती. त्यानंतर त्या दोघांत हे पुन्हा कधी घडलं नव्हतं, घाटात नाही आणि या खोलीतही नाही.

"ऋजुता, ऐकलंस?"

"हो, काका."

"बघ बरं नोंदीत. अशी न विचारता दिलेली शिट्टी सहा वर्षांत कुठं आहे का?"

ती बराच वेळ शोधत राहिली. "एकही नाही, काका. ही पहिलीच."

सुदामराव खाली उभ्या असलेल्या त्या इंजिनाकडे बघत राहिले.

"मग पोरी, ही वाजवली कुणी?"