मोकळा शाफ्ट

कागद गिरणीतल्या गुंडाळणी यंत्राच्या मोटरला तिचा वेग सांभाळणारा नवा ड्राइव्ह बसला, तेव्हा साहेबांनी धाकट्याला एकच काम दिलं: मोटर कोणत्या पद्धतीनं चालवायची, ते संध्याकाळपर्यंत ठरव. तो आता इथला इंजिनिअर होता, तरी सगळे त्याला धाकटाच म्हणत. त्याचा थोरला भाऊ इथेच फिटर होता, आणि याच मोटरवर काम करताना जिवानिशी गेला होता.

पद्धती दोन. साधीत वेग सांगायचा, मोटर फिरते. कोणी अडवलं तर बिचारी मंदावते. व्हेक्टर पद्धतीत ड्राइव्हला भार जाणवतो, आणि जितकं अडवाल तितका तो जोर लावतो. कागद सारख्या ताणानं गुंडाळायचा तर व्हेक्टरच हवी, यात धाकट्याला तिळमात्र शंका नव्हती.

दुपारी त्यानं मोटर यंत्रापासून सोडवली. ड्राइव्हला तिची ओळख करून द्यायची तर शाफ्ट, म्हणजे तिचा फिरणारा दांडा, मोकळा हवा. ऑपरेटर काका हातातलं काम टाकून बघत उभे राहिले.

मोटर फिरली. ड्राइव्हच्या पडद्यावर भार जवळजवळ शून्य, हवा तसाच. मग त्यानं वेग उतरवला, आणि भाराचा आकडा चढला.

बेअरिंग धरत असेल म्हणून त्यानं मोटर बंद करून शाफ्ट हातानं फिरवून पाहिला. अगदी अलगद फिरला. पुन्हा चालू केली, तर पुन्हा तेच. वेगात काही नाही. थांबायला आली की कोणी धरल्यासारखा भार.

"थोरला मोटर अशीच धरून थांबवायचा," काका भिंतीकडे बघत म्हणाले. "आपोआप थांबेपर्यंत दम कुठे होता त्याला? हाताला चिंधी गुंडाळायची आणि तळवा शाफ्टला टेकवायचा. मग शाफ्टवरची जोडणीची खाच वर आणून ठेवायचा. जोडणाऱ्या माणसाला ती बघायला वाकायला नको म्हणून."

"माहीत आहे, काका."

एकदा चिंधी शाफ्टला अडकली आणि दादा ओढला गेला, तेही त्याला माहीत होतं. त्याला राग आला. दादाचा, काकांचा, त्या आकड्याचा. वायरिंगचीच चूक असणार. त्यानं वेग अगदी कमी ठेवला आणि ड्राइव्हला तोच टिकवायला लावलं.

आकडा चढू लागला.

ड्राइव्हनं जोर वाढवला. मोटर कण्हली. शाफ्टभोवती काहीच नव्हतं, तरी जळक्या कापडाचा वास आला.

"बंद कर!" काका ओरडले. "अरे, हात आहे त्याचा!"

धाकट्याचं बोट बटणापर्यंत पोहोचण्याआधीच आकडा एकदम शून्यावर आला.

त्या दिवशीही मोटर अशीच ओढत राहिली असेल आणि हात एकदम सुटला असेल, हे त्याला कळलं. हे त्याला दादाच्या बाबतीत पुन्हा करायचं नव्हतं.

त्यानं साहेबांना फोन लावला. "साधी पद्धत ठेवतोय."

"कागद कुठे सैल, कुठे घट्ट होईल. डोकं ठिकाणावर आहे ना?"

"होऊ द्या, साहेब. जबाबदारी माझी."

साध्या पद्धतीवर त्यानं मोटर एकदा फिरवली. थांबताना ती जरा लवकरच मंदावली. ड्राइव्हनं जोर लावला नाही.

"दादा, आता नाही ओढणार ती तुला," तो पुटपुटला. त्याचे डोळे भरून आले.

मग वीज तोडून त्यानं फ्यूज खिशात टाकले आणि मोटर पुन्हा यंत्राला जोडायला घेतली. काका पाना आणायला दाराबाहेर गेले होते. खाच खालच्या अंगाला होती. ती बघायला तो वाकणार, इतक्यात शाफ्ट सावकाश फिरला आणि खाच वर आणून थांबला.