पवळ्याचं आवतण

पोळ्याच्या दिवशी दुपारी श्यामलाताई डब्यात पुरणपोळ्या भरत होत्या, तेव्हा शरच्चंद्ररावांनी वर्तमानपत्राआडून बायकोला विचारलं, "फायबरच्या बैलाला तूप चालतं का गं? त्याचं कोलेस्टेरॉल तपासलंय ना?"

"तुमच्यापेक्षा कमी कुरकुर करतो तो," म्हणत ताई बिबवेवाडीहून वाघोलीला निघाल्या.

वाघोलीतलं ते लहानसं शेती-संग्रहालय त्या निवृत्तीनंतर हौसेनं सांभाळत. आदल्या संध्याकाळी त्यांनी लोकांना खांदमळणी करून दाखवली होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळायचं आणि म्हणायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." पण तुपानं रंग जाईल, असं मूर्तिकार अनिरुद्धनं बजावलं होतं. म्हणून ताईंनी बैलाला हात न लावता त्याच्या मानेवरच्या लाकडी जुवालाच हळद-तूप चोळलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रखवालदार उत्तरेश्वर तेवढा जुवाकडे बघत उभा होता.

"ताई, बैल फायबरचा हाय, पर जू खरं हाय," सगळे गेल्यावर तो म्हणाला. "माझ्याच घरनं आणलेलं. ह्याच्या उजव्या अंगाला पवळ्या चालायचा. दुष्काळात छावणीच्या वाटंवर उपाशी गेला. आता तुमी त्याला जेवाय बोलावलंय..."

ताईंना रात्री नीट झोप लागली नाही. आधीच उपाशी गेलेल्याला जेवायला बोलावून पुन्हा उपाशी ठेवायचं?

आज सुट्टी होती. उत्तरेश्वरनं कुलूप काढलं आणि तो दारातच थांबला.

"चल ना आत."

"नगं ताई. आला न्हाई तर मला बघवायचं न्हाई."

आत अर्धवट अंधार होता. एरवी दालनात व्हार्निशचा वास येई. आज मात्र ओल्या कातड्याचा आणि ताज्या शेणाचा वास भरून राहिला होता. जुवाच्या डाव्या बाजूला फायबरचा बैल होता. उजवी बाजू मोकळीच होती. तिथला बैल अनिरुद्ध दिवाळीनंतर देणार होता.

ताईंनी एक पुरणपोळी तळहातावर घेतली आणि त्या मोकळ्या जागेत हात पुढे केला.

"ये रे... जेव..."

बराच वेळ काहीच झालं नाही. मग मनगटाला ऊन वाफ लागली. पाठोपाठ खरखरीत, ओली जीभ तळव्यावरून बोटांपर्यंत फिरली. अंगावर सर्रकन काटा आला, पण ताईंनी हात मागे घेतला नाही. एकेक करत सगळ्या पोळ्या गेल्या. शेवटी कुणीतरी तृप्त, लांब सुस्कारा टाकला. घरचा माणूस पोटभर जेवून उठावा, तसं ताईंना निवांत वाटलं.

बाहेर उत्तरेश्वरनं रिकामा डबा पाहिला. "जेवला?"

"पोटभर."

तो डोळे पुसत हसला. "लई खादाड होता."

संध्याकाळी शरच्चंद्रराव फिरायला गेले होते. चौथ्या मजल्यावरच्या त्या शांत घरातून ताईंनी अनिरुद्धला फोन लावला. "दुसरा बैल करू नकोस रे. ती जागा भरली."

"बरं... पण ताई, तुम्ही अजून वाघोलीलाच आहात का?"

"नाही, घरी आहे. एकटीच. का रे?"



"मग तुमच्यामागे रवंथ कोण करतंय?"