युरोला आणखी पंधरा पैसे

मे महिन्यात नागपूरच्या मुलींचे फक्त डोळे दिसतात. बाकी सगळा चेहरा स्कार्फमध्ये असा गच्च गुंडाळलेला, की सख्खी मावशीही रस्त्यात ओळखणार नाही. त्या दुपारी मीही तशीच जरीपटक्यातल्या बँकेच्या दारात उभी होते — पाठीवर घाम, डोक्यात राग — आणि गार्ड म्हणाला, "मॅडम, तोंड उघडं करून आत जा."

मी स्कार्फ सोडायला गेले, तर तो केसांतल्या पिनेत अडकला. ओढला, तर आणखीच अडकला.

"ओढू नका, फाटेल," मागून आवाज आला. "पिन डाव्या कानाच्या वर आहे… थोडी आणखी वर… हं, आता काढा."

पिन निघाली. स्कार्फ सुटला. मी वळले. पांढरा शर्ट, हातात ताकाची थंडगार पिशवी, आणि नजर माझ्याकडे नाही — स्कार्फकडे!

"करवती काठ… हातमागाचा आहे ना? माझ्या आईची अशी साडी आहे."

"हो. आमच्याच मागावरचा."

मग कुठे त्याने वर पाहिलं. आणि ताकाची पिशवी उगाचच या हातातून त्या हातात घेतली.

आत कूलरचा वाळ्याचा वास भरला होता. परदेशातून येणाऱ्या पैशांच्या टेबलामागची खुर्ची रिकामी होती. मी बसून राहिले, फणफणत. थोड्या वेळाने त्या खुर्चीवर तोच पांढरा शर्ट येऊन बसला. समोरच्या पाटीवर नाव होतं, गौरांग.

"बोला, काय झालं?"

"तुमच्या बँकेनं माझे पैसे खाल्ले, हे झालं."

मी घरून निघताना ठरवलं होतं, की शुद्ध, शांत आणि मुद्देसूद बोलायचं. पण मोबाइल पुढे केला आणि माझी उमरेडची जीभ सुटली. "हे पाहा. युरोचा भाव नव्वद चालू आहे, अन् तुम्ही मले सत्त्याऐंशीनं देऊन राहिले? त्याच्या आधीच पंचवीस युरो गायब! काहून?"

तो चिडला नाही. कागद ओढून त्याने एक रेघ काढली, एका टोकाला फ्रान्स, दुसऱ्या टोकाला जरीपटका. "वाटेत आणखी एक बँक असते. पैसे तिच्या हातातून येतात, ती आपला वाटा काढून घेते. उरलेल्या युरोंचे रुपये आम्ही करतो, आमच्या दराने. बाजारातला दर आणि आमचा दर यांत फरक असतो. त्याला मार्जिन म्हणतात."

"आमच्या उमरेडले त्याले दुसरा शब्द आहे."

तो हसला. मग मॅनेजरच्या केबिनकडे एक चोरटी नजर टाकून हळूच म्हणाला, "तो शब्द मलाही येतो. पण या खुर्चीत बसून म्हणता येत नाही."

मला हसायचं नव्हतं. तरी हसले.

हसण्यासारखं खरं तर काही नव्हतं. भैयाजी, म्हणजे माझे बाबा, आणि शेजारची चार घरं — सगळ्यांचे माग वर्षानुवर्षं इतवारीच्या एका व्यापाऱ्यासाठी चालायचे, तो म्हणेल त्या भावाने. बी.कॉम. झाल्यावर मीच हट्टाने ऑनलाइन दुकान उघडलं. फोटो मी काढायचे, पार्सलं मी बांधायचे. फ्रान्समधल्या क्लेअर नावाच्या एका दुकानवालीला आमचे स्टोल आवडले, ती पुन्हा पुन्हा मागवू लागली. विणकरांना मी वाढीव मजुरीचा शब्द दिला होता. तो शब्द मी पाळायचे, आणि वाटेत जे गळायचं ते माझ्या वाट्यातून जायचं. आता माझ्या वाट्यात काही उरलंच नव्हतं. बाबा म्हणायचे, "भूमे, विदेशी पैसा म्हणजे कापूर. हाती येईपर्यंत उडून जाते." आणि जिच्या घराजवळच्या बँकेत मी खातं उघडलं होतं, ती जरीपटक्याची पुष्पलता मावशी माझ्यासाठी मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी बघून बसली होती.

गौरांगने दोन गोष्टी शिकवल्या. बिलावर लिहायचं, की वाटेतला खर्च पाठवणाऱ्याने सोसायचा. आणि पैसे आले, की त्यांचे रुपये होण्याआधी त्याला फोन करायचा. "दर मागावा लागतो. जो मागत नाही, त्याला छापील दर."

"अन् मागितला तर मिळते?"

"घासाघीस करावी लागते."

पुढच्या वेळी मी ती घासाघीस समोर बसून पाहिली. मुंबईच्या कुणा साहेबाला फोन लावून हा माणूस असा काही अडून बसला होता, जशी कॉटन मार्केटला कोथिंबिरीसाठी एखादी आजी बसते. "सर, जुनी ग्राहक आहे… नाही सर, छोटी नाही, वाढते आहे… आणखी पंधरा पैसे द्या ना सर…" मग फोनवर हात ठेवून, डोळे मोठे करून मला म्हणाला, "मिळाले!"

"पंधरा पैशांत एवढी खुशी?" मी विचारलं.

"युरोमागे पंधरा," तो म्हणाला. मग खाली बघत, "आणि… पैशांसाठी कोण खूश आहे?"

कूलर जोरात फिरत होता, तरी माझे कान तापले.

असं होऊ लागलं. जे काम फोनवर होण्यासारखं होतं, त्यासाठीही मी एसटी पकडून येऊ लागले. मावशी विचारायची, "आज पण बँक? का वं, बँक इकत घेऊन राहिली का?" मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात पळायचे.

पावसाळा सरता सरता क्लेअरची मोठी ऑर्डर आली. हिवाळ्यासाठी स्टोल, इतके, की पाचही घरांचे माग दिवाळीपर्यंत थांबणार नव्हते. मी धावत बँकेत गेले. गौरांगने सगळं ऐकलं. "बाहेर रसवंतीत थांबाल? मी येतो," एवढंच म्हणाला.

उसाच्या रसाचे दोन ग्लास आले. त्याने त्याच्या ग्लासाला हात लावला नाही.

"भूमिका, ही रक्कम आमच्याकडे आणू नका."

"काहून?"

"मी कितीही भांडलो तरी आमचं मार्जिन सुटत नाही. आता रीतसर परवाना असलेल्या कंपन्या आहेत, त्या तुमच्या नावाने युरोपातच खातं देतात. क्लेअर तिच्या गावातल्या गावात पैसे भरेल, वाटेत कुणी हात मारणार नाही. दर जवळपास बाजाराचाच, फी थोडीशी. हे मला टेबलावर बसून सांगता आलं नसतं." त्याने एका कंपनीचं नाव सांगितलं. "इतक्या मोठ्या रकमेत तुमच्या एका विणकराची महिन्याची मजुरी वाचेल."

मी खूश व्हायला हवं होतं. पण मला वेगळंच ऐकू आलं.

"म्हणजे मी बँकेत यायचं नाही."

"यायचं… कारण उरणार नाही."

"सरळ सांगा ना, की माझी कटकट झाली तुम्हाले!"

"कटकट?" त्याने चटकन वर पाहिलं. "तुमचा फायदा सांगतोय. तोटा माझा होणार आहे. तो मी बघून घेईन."

"तुमचा कोणता तोटा?"

तो काही बोलणार, तेवढ्यात समोरून माझी मावशी भाजीची पिशवी घेऊन येताना दिसली. मी उठले. रस अर्धा तसाच राहिला.

त्याने सांगितलं तसंच मी केलं. आगाऊ रक्कम आली, जवळपास पूर्ण. बाबांनी दोनदा विचारलं, "सगळे आले?" आणि मग इतवारीच्या व्यापाऱ्याला फोन करून म्हणाले, "या साली जमणार नाही शेठ, माग रिकामे नाहीत." बाबांचा असा ताठ आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. अंगणात पाचही घरं गोळा झाली, चहा झाला, सगळे हसत होते.

आणि मी मात्र मोबाइल हातात घेऊन मेसेज लिहीत होते, पुसत होते. 'पैसे आले, धन्यवाद.' पुसलं. 'कसे आहात?' पुसलं. आता त्याच्याशी बोलायला एकसुद्धा बहाणा शिल्लक नव्हता, आणि बहाण्याशिवाय बोलायची हिंमत नव्हती. जरीपटक्याच्या रस्त्यावरून मावशीकडे गेले, तरी बँकेसमोरून मान खाली घालून जायचे.

मग एका शनिवारी, बँकांच्या सुट्टीच्या दिवशी, उन्हं कलल्यावर आमच्या दारात गौरांग उभा होता. एसटीतून उतरून विचारत विचारत आलेला, शर्टावर धूळ.

"हे… बँकेतले," मी पुटपुटले. बाबा मागावरून न उठताच म्हणाले, "बँकेतून आले का? आम्ही कर्ज नाही घेतलं बापा."

"नाही काका… मी… आईसाठी साडी बघायला आलो."

मी साड्या काढल्या. त्याने पहिली उलगडली, दुसरी उलगडली, एकही पाहिली नाही. बाबा आत, आम्ही ओसरीवर. मागाची खटखट चालू होती, म्हणून बोलता येत होतं.

"कोणती देऊ?"

"कोणतीही."

"आईले कोणतीही चालते?"

"आईला माहीतच नाही मी कुठे आलोय." त्याने साडीची घडी घालायला घेतली, ती चुकीची पडली. "भूमिका, त्या दिवशी तोटा विचारला होता ना… रोज कुणीही दारातून आत आलं, की मी मान वर करून बघतो. दिवसभर. माझं कामात लक्ष नाही. एवढा तोटा होईल असं वाटलं नव्हतं."

"मंग पैसे दुसरीकडे न्यायले सांगितलंच कशाले?"

"कारण तुझा एक पैसाही वाया गेलेला मला आवडत नव्हता." 'तू' म्हणून गेला आणि स्वतःच दचकला. "म्हणजे… तुमचा."

"राहू द्या," मी म्हटलं. "तू-च बरं आहे."

त्याच्या हातातली चुकलेली घडी मी घेतली. बोटांना बोटं लागली. दोघांनीही ती लवकर सोडवली नाहीत.

"मीही तुझ्यासाठीच येत होती, एसटीनं," मी म्हणाले. खूप हळू. पण म्हणाले. "दर तर फोनवरच समजत होता."

तो हसला, पूर्ण चेहऱ्याने. मग आतल्या दाराकडे बघून घाबरला. "आता बाबांना काय सांगायचं?"

मी उठले. सरळ आतल्या दारापर्यंत गेले.

"बाबा, हे साडीसाठी नाही आले. माझ्यासाठी आले. आज आपल्याकडेच जेवतील."

मागाची खटखट थांबली. गौरांग उठून उभा राहिला होता. मला त्याचा श्वास ऐकू येत होता.

आतून बाबा खाकरले.

"मंग ताटं घे ना वं," ते म्हणाले. "उभी काहून राहिली?"