सरांच्या घरचा उजेड

इंदूकाकू भिलारे स्टीलची वाटी घेऊन मागच्या दारी आल्या, तेव्हा नीरजा चहा गाळत होती.

"चमचाभर उजेड दे गं," काकू म्हणाल्या. "आमचा यंदा साफ उतरला. आज कंदीलफेरी, आणि कंदिलात घालायला काही नाही."

गारमाळात हे मागणं दह्याच्या विरजणाइतकंच साधं होतं. तेरा वर्षांपूर्वी पाटणकर सरांनी, म्हणजे नीरजाच्या वडिलांनी, समुद्रातले उजेड देणारे जिवाणू शाळेच्या प्रयोगशाळेत डोंगरावरच्या पाण्याला सरावून घेतले होते. तेव्हापासून घरोघरी बाटलीत त्यांचं विरजण असे. पौषातल्या एका संध्याकाळी नगरपालिका रस्त्यावरचे दिवे तासभर मालवी आणि सारं गाव कागदी कंदील झुलवत निघे. कंदील हलला की आतल्या पाण्यात हवा मिसळे आणि उजेड वाढे. विरजण घेणाऱ्याने "कोणाचं?" म्हणून विचारायचं आणि देणाऱ्याने घराचं नाव सांगायचं, अशी रीतच पडून गेली होती. फेरीच्या पुढचा कंदील मात्र दर वर्षी सरांच्या घरून भरला जाई.

"पण बाबांनी ते बंद केलं होतं ना?" नीरजा म्हणाली. "बाटली रिकामी होती."

"बंद? अगं, दिवाळीनंतर हात कापायला लागले त्यांचे. बाटली निसटायची, म्हणून लोणच्याच्या बरणीत घातलं. तुला सांगितलंय म्हणाले होते."

नीरजाने गाळणं खाली ठेवलं. कोठीच्या खोलीतली ती बरणी. गढूळ पाणी, खारट वास. तेराव्यानंतर घर आवरताना तिने ते मोरीत ओतलं होतं आणि बरणी उकळत्या पाण्याने दोनदा धुतली होती. अगदी मन लावून.

सांगितलं होतं त्यांनी. फोनवर. "विरजण आता बरणीत आहे बरं का." ती तेव्हा कुठल्याशा पुस्तकाची मुद्रितं तपासत होती. "हं," एवढंच म्हणाली होती. थोडं पुण्याला नेशील का, असंही ते दर वर्षी विचारत. "प्रवासात सांडेल, बाबा," हे तिचं ठरलेलं उत्तर.

"मी टाकलं ते, काकू. गरम पाणी घातलं."

काकू पायरीवर बसल्या. वाटीच्या काठावरून बोट फिरवलं.

"मग मेले बिचारे," त्या म्हणाल्या. "चल, चप्पल घाल. सरांना नाही म्हणता कुठे यायचं? अर्ध्या गावाला वाटलंय त्यांनी."

सात घरं झाली. बेकरीवाले रफीकभाई तांबोळी म्हणाले, "सरांच्या घरून आमच्याकडे मागायला येतील, असं वाटलं नव्हतं. मैदा पडला असेल थोडा, गोड मानून घ्या, ताई." प्रत्येकाने कोठीत, पलंगाखाली, जिथे अंधार होता तिथे बाटली हलवून दाखवली. बेकरीतला उजेड हिरवट होता, शेवंता नर्सकडचा दुधी. बाबांच्या उजेडात पिकल्या जांभळाची झाक असे. ती कुठेच नव्हती. ज्या घराचं पाणी आणि ज्या घरचा हात, तसे जिवाणू पिढ्यान्‌पिढ्या बदलत गेले होते.

"शेवटी सगळं सरांचंच की," काकू म्हणाल्या.

घरी येऊन तिने बरणीत पाणी घेतलं. फडताळातली पुडी सोडली. जिवाणूंचं अन्न होतं ते. वर बाबांच्या कापऱ्या अक्षरात नुसतं "खाऊ" लिहिलेलं होतं. त्यात सात घरांचे सात चमचे ढवळले.

दुपारी ती बरणी घेऊन गोधडीखाली शिरली. अंधार. तासाभराने पुन्हा. अंधारच. एकटा जिवाणू उजळत नाही, बाबा वर्गात सांगत. प्रत्येक जण पाण्यात थोडं रसायन सोडत राहतो. ते पुरेसं साठलं की त्यांना कळतं, आपण पुष्कळ आहोत, आणि मग सगळे एकदम पेटतात. "याला म्हणायचं गणपूर्ती. नगरपालिकेच्या सभेसारखी, फक्त इथे ती होते." वर्ग हसायचा. सर्वांत मोठ्याने तीच हसायची.

सात वाजता चौकातले दिवे गेले. पुढच्या कंदिलाच्या काचेच्या पोटात तिने बरणीतलं पाणी ओतलं. काहीच नाही. मागे कोणीतरी खोकलं.

"झुलव की," काकू कुजबुजल्या. "असा धरलायस जसा काही सांडणारच आहे."

तिने कंदील झुलवला. तळाशी काहीतरी फिकट हललं. पुन्हा झुलवला, तसा कागद उजळला आणि रांगेतून "हां!" असा आवाज गेला. तांबडं फुटण्याआधीचं आभाळ असतं, तसा रंग होता तो. जांभळाची झाक शोधत ती बाजारपेठ संपेपर्यंत कंदिलाकडेच बघत चालली. एकदा वळणावर ती दिसल्यासारखी वाटली. मग नाही.

तिला कळत होतं, एका पाण्यात सात वंश फार दिवस नांदत नाहीत. जो जोमाने वाढेल तो उरेल, बाकीचे सरतील. बाबांचा तर त्यांत नव्हताच.

फेरी संपली. रांगेतली एक अनोळखी बाई पुढे आली. गावात नवीनच असावी. पण रीत तिला कोणीतरी सांगितली होती. तिने पदराआडून वाटी पुढे केली.

"चमचाभर द्याल? कोणाचं आहे हे?"

नीरजाने काकूंकडे पाहिलं. त्या स्वतःची वाटी घेऊन उभ्या होत्या, आणि या वेळी त्या तिच्या वतीने काहीच बोलल्या नाहीत. नीरजाने चमचा पाण्यात बुडवला. तो वर आला तेव्हा काठोकाठ भरला होता.

नाव कोणाचं सांगायचं?